सिरिंजवरच्या रेघा

१/ ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याण कॅम्पचे नाव उल्हासनगर झाले. लष्करी बराकींत सिंधमधून आलेली विस्थापित कुटुंबे राहत होती. त्या काळी मधुमेहाची प्रचलित तपासणी म्हणजे बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी तापवणे. रंग विटकरी झाला, तर साखर पुष्कळ!

२/ इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला टोचले गेले. पुढे त्याची तीव्रता, म्हणजे एका मिलिलिटरमधील युनिटे, बदलत गेली.

३/ अनेक देशांनी १०० युनिटे हे एकच प्रमाण स्वीकारले. भारतात मात्र दोन्ही नांदतात: बहुतेक कुप्या ४० च्या, पेनमधील कार्ट्रिज १०० चे.

४/ धोका इथेच आहे. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर शरीरात ५० युनिटे जातात. साखर झपाट्याने उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट अदलाबदल झाली, तर २० ऐवजी जेमतेम ८.

५/ म्हणूनच वैद्यकीय शिक्षण पदवीपाशी संपत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना निरंतर शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात.

६/ आज दंडावरचा सेन्सर त्वचेखालील द्रवातली साखर मोजतो. ती रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असते. साधन बदलले की वाचनही नव्याने शिकावे लागते. अंबरनाथ-बदलापूरच्या दवाखान्यातील परिचारिकेपर्यंत आणि घरी सुई टोचणाऱ्या आईपर्यंत ते शिक्षण पोहोचले, तरच शोध पूर्ण झाला म्हणायचा.