द्यूत : करमणूक की उधळपट्टी? मुंबईतील आकड्यांचा इतिहास आणि कायद्याचा निकष

प्रस्तावना :

द्यूत हे निरुपद्रवी मनोरंजन आहे की द्रव्याचा अपव्यय, हा प्रश्न भारतीय समाजजीवनात नवा नाही. धर्मशास्त्रकारांनी त्याचा विचार केला, वसाहतकालीन विधिमंडळांनी केला आणि स्वतंत्र भारताच्या घटना समितीतही त्यावर चर्चा झाली. मात्र या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रत्येक काळात खेळाच्या स्वरूपाकडे अधिक आणि खेळाच्या व्यवस्थेकडे कमी लक्ष दिले गेले. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, यावर कायद्याने आपला निकष उभारला. प्रस्तुत निबंधात मुंबई शहरातील पावसाचा सट्टा, कापसाचा आकडा आणि मटका या तीन प्रकारांच्या आधारे हा निकष तपासून पाहिला आहे. द्यूताचा अपाय खेळाच्या जातीवर अवलंबून नसून डाव किती वेळा लागतो, किती अल्प रकमेत लागतो, उधारीवर लागतो काय आणि पणाला लागणारा पैसा कोणाचा असतो, यांवर अवलंबून असतो, असे या इतिहासावरून दिसून येते.

प्राचीन परंपरेतील दोन भूमिका :

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त ‘अक्षसूक्त’ या नावाने ओळखले जाते. त्यात फाशांचे आकर्षण आहे, तसेच जुगाऱ्याची दुरावलेली पत्नी, त्याला जवळ न करणारे आप्त आणि डोक्यावरील ऋणही आहे. म्हणजे द्यूताच्या सर्वांत जुन्या भारतीय उल्लेखांपैकी एका उल्लेखातच त्याचा हिशेब घरापर्यंत नेलेला आढळतो.

पुढील शास्त्रग्रंथांत मात्र मतभेद दिसतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्यूत (निर्जीव वस्तूंनी खेळला जाणारा जुगार) आणि समाह्वय (प्राण्यांच्या झुंजींवरील पैज) असे दोन प्रकार सांगून राजाने दोन्ही आपल्या राज्यातून हद्दपार करावेत, असे म्हटले आहे. याउलट कौटिल्याने ‘द्यूताध्यक्ष’ हा स्वतंत्र अधिकारी नेमून द्यूत एकाच ठिकाणी चालविण्याची व्यवस्था सांगितली. जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच असा राज्याचा वाटाही त्याने ठरविला. याज्ञवल्क्यस्मृतीतही द्यूतगृह चालविणाऱ्या ‘सभिका’ला राजाचे संरक्षण आहे आणि त्याबदल्यात त्याने राजाचा भाग द्यावयाचा आहे. एक भूमिका संपूर्ण निषेधाची, दुसरी नियंत्रणाची व महसुलाची. पुढील दोन हजार वर्षांत शासनसंस्था याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिली.

लोकाचाराने मात्र तिसरा मार्ग काढला होता. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही नाव आहे आणि त्या दिवशी द्यूत खेळण्याचा आचार धर्मग्रंथांत नोंदविलेला आहे. येथे खेळाला कालमर्यादा आहे. वर्षातून एक दिवस, आप्तांच्या बैठकीत खेळला जाणारा हा डाव दिवस मावळला की संपतो. येथे जिंकलेले द्रव्य घराबाहेर जात नाही आणि कोणी सभिक त्यावर उपजीविका करीत नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील चित्र याच्या अगदी उलट आहे. देवलांच्या रूपांतरामुळे मराठी रंगभूमीस परिचित झालेल्या या मूळ संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णांच्या ऋणापायी संवाहक सभिकापासून पळत सुटतो आणि वसंतसेना आपले कंकण देऊन त्याची सुटका करते. तेथे भय फाशांचे नाही, उधारीचे आहे.

पावसाचा सट्टा आणि १८८७ चा कायदा :

आधुनिक मुंबईत जुगाराचा प्रश्न व्यापाराच्या अंगाने पुढे आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेल्या भावामुळे शहरात पैशाचा पूर लोटला. त्यातून शेअरबाजाराची तेजी उसळली आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये ती कोसळली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात पैजेचे करार निरर्थक ठरविणारा कायदा झाला. पुढे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० ने पैजेचा करार सर्वत्र निरर्थक ठरला. मात्र घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीला त्याच कलमात अपवाद ठेवण्यात आला. अपवादाची ही किमान रक्कमच पुरेशी बोलकी आहे.

१८८७ मध्ये मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. सार्वजनिक जुगारगृह चालविणे व तेथे खेळणे त्याने दंडनीय केले. केवळ कौशल्याच्या खेळांना मात्र त्याने वगळले. याच सुमारास मुंबईत ‘बरसात का सट्टा’ जोरात होता. ठरावीक वेळेत पाऊस पडून छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लागत. हा प्रकार कायद्याच्या शब्दांत बसतो की नाही, असा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि १८९० च्या दुरुस्तीने पावसावरील पैज कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. कलकत्त्यात असाच कायदा १८९७ मध्ये झाला. दुसरीकडे ठरावीक दिवशी, ठरावीक आवारात घोड्यांच्या शर्यतीवर लावलेली पैज जुगाराच्या व्याख्येबाहेर राहिली. १९१२ च्या कायद्याने रेसकोर्सना परवाने देण्याची पद्धत सुरू झाली.

वस्तुतः आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या व्यापाऱ्याकडे काहीच ज्ञान नव्हते, असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे रेसकोर्सवर पैसे लावणारा प्रत्येक जण अश्वपरीक्षक होता, असेही म्हणता येत नाही. कौशल्य आणि नशीब यांतील रेषा तर्काने आखलेली दिसत असली, तरी व्यवहारात ती कोणाची करमणूक प्रतिष्ठित मानावयाची, या निर्णयावरून गेलेली दिसते.

कापसाच्या आकड्यापासून मटक्यापर्यंत :

विसाव्या शतकात मुंबईच्या जुगाराचे केंद्र कापसाकडे सरकले. न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजमधील कापसाचा उघडता व बंद भाव तारेने मुंबईस येत असे आणि त्या भावाच्या आकड्यांवर पैजा लागत. वरकरणी हा व्यापाराचा भाग वाटे. परंतु भाव चढेल की उतरेल हे सांगण्यास बाजाराचे ज्ञान लागते. भावाच्या शेवटी कोणता अंक येईल, हे सांगण्यास कोणतेही ज्ञान उपयोगी पडत नाही. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावांचा हा आधार संपला. आधार संपला, तरी जुगार संपला नाही. मडक्यातून चिठ्ठी काढून आकडा ठरविण्याची पद्धत रूढ झाली आणि मडक्यावरून या जुगारास ‘मटका’ हे नाव मिळाले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. तीन पत्त्यांच्या बेरजेतील शेवटचा अंक तो त्या वेळचा आकडा, अशी रीत पडली. दिवसातून एकदा ‘ओपन’ आणि एकदा ‘क्लोज’ असे दोन आकडे फुटत आणि दोहोंची मिळून ‘जोडी’ होई. १९६० व १९७० च्या दशकांत कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे या व्यवसायाशी कायमची जोडली गेली.

मटक्याचा प्रसार गिरणगावात विशेष झाला, यात नवल नाही. पानाच्या ठेल्यावर रुपया-आठ आण्यांतही आकडा लावता येई. त्यासाठी कपडे बदलून रेसकोर्सवर जावे लागत नसे की प्रवेशाचे तिकीट काढावे लागत नसे. पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या कामगाराच्या वाटेवरच बुकी उभा असे. त्या कामगाराच्या पगारावर खाणावळवालीचे पैसे, वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज आणि कोकणातील वा घाटावरील घरी पाठवावयाची मनीऑर्डर, असे चार हक्क आधीच असत. गिरणी कामगारांच्या कर्जबाजारीपणाची दखल शाही श्रम आयोगाने १९३१ मध्येच घेतली होती. आकड्यावर लागणारा रुपया हा शिलकीतील नव्हता, तो या चार हक्कांपैकी कोणाचा तरी होता.

हिशेबाची बाजू :

एका आकड्यावर लावलेल्या रुपयास नऊ रुपये आणि जोडीस नव्वद, असा मटक्याचा सर्वसाधारण दर होता. आकडे दहा आणि जोड्या शंभर. म्हणजे सरासरीने शंभर रुपये लावणाऱ्यास नव्वद परत मिळतात आणि दहा रुपये चालविणाऱ्याकडे राहतात. हा दर पाहून कोणी म्हणेल की, शेकडा दहा ही करमणुकीची फार मोठी किंमत नव्हे. नाटक-सिनेमालाही पैसे पडतातच.

हा युक्तिवाद वजनदार आहे, परंतु तो एकाच डावापुरता खरा आहे. नाटकाच्या तिकिटाची किंमत आधी ठाऊक असते आणि पडदा पडला की खर्च थांबतो. द्यूतात परत आलेला पैसा पुन्हा डावावर जातो. शंभर रुपये घेऊन कोणी जे मिळेल ते सर्व पुन्हा लावीत गेला, तर सरासरीच्या हिशेबाने पहिल्या फेरीनंतर ९०, दुसरीनंतर ८१ असे होत सातव्या फेरीअखेर ४८ रुपयेही राहत नाहीत, आणि बाविसाव्या फेरीनंतर दहा रुपयांहून कमी उरतात. रोज दोन आकडे फुटत असतील, तर बावीस फेऱ्यांना अकरा दिवस लागतात. चालविणाऱ्याचा टक्का तोच राहतो. वाढते ती फेऱ्यांची संख्या. वर्षातून एकदाच्या द्यूतप्रतिपदेत आणि रोजच्या मटक्यात जो भेद आहे, तो येथे स्पष्ट होतो. दोन्हींत नशीबच आहे, परंतु एकीकडे डावाला अंत आहे आणि दुसरीकडे नाही.

प्रजासत्ताकातील द्विधा :

सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत ‘पैज व जुगार’ ही नोंद राज्यांच्या सूचीतून वगळावी, अशी सूचना नैतिक भूमिकेवरून आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर दाखवून दिले की, नोंद वगळल्याने जुगार थांबणार नाही, उलट त्यावर कोणतेच नियंत्रण राहणार नाही. परवानगीसाठी असो वा बंदीसाठी, अधिकार असावाच लागेल. १९५७ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला’ या शब्दकोडे-स्पर्धेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. त्याच वेळच्या दुसऱ्या खटल्यात कौशल्याच्या स्पर्धांना मात्र संरक्षण मिळाले. १९९६ मध्ये अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ ठरला.

दरम्यान १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. मटक्यावर छापे घालणारे शासन स्वतः तिकिटे विकू लागले. शासनाने चालविली तरी लॉटरी हा जुगारच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. तथापि १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यातील अटी अभ्यासण्याजोग्या आहेत. एका अंकावर बक्षीस नको, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत नको, वर्षात सहाहून अधिक ‘बंपर’ नकोत. या अटींत कौशल्य-नशिबाचा विचार नाही. विचार आहे तो वारंवारतेचा. मटक्याने शिकविलेला धडा कायद्यात प्रथमच उमटलेला येथे दिसतो.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि मटक्याचा तो काळही ओसरला. त्याची जागा पुढे मोबाइलवरील खेळांनी घेतली. तेथे बुकी वाटेवर नव्हे तर खिशातच असतो आणि फेरी दिवसातून दोनदा नव्हे तर मिनिटा-मिनिटाला होते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्यात पैशाच्या खेळाची व्याख्या करताना तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेदच बाजूला ठेवण्यात आला.

समारोप :

मुंबईचा हा इतिहास पाहता द्यूत स्वभावतः निरुपद्रवी किंवा स्वभावतः विनाशक ठरत नाही. कालमर्यादेत, शिलकीच्या पैशातून आणि मध्यस्थाविना खेळलेला डाव करमणूक राहू शकतो. तोच डाव रोजचा झाला, अल्प रकमेत दारापाशी आला आणि उधारीवर चालू लागला की त्याची किंमत खेळणाऱ्यापेक्षा त्याच्या घरातील न खेळणारी माणसे मोजतात. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कायदा खेळात कौशल्य किती, हे मोजत राहिला. पन्हळीतील पाणी, कापसाचा अंक आणि मडक्यातील चिठ्ठी यांनी त्या मोजमापाला वारंवार चकविले. करमणूक की उधळपट्टी, याचा निवाडा खेळाच्या नावावरून होत नाही. गावी पोहोचणारी मनीऑर्डर पूर्ण पोहोचली की नाही, यावरून तो होतो. नियमनाचा निकषही तेथूनच सुरू व्हावयास हवा.