लिंबाचा रस होता, तरी स्कर्व्ही झाला कसा?

स्कर्व्हीचा इतिहास वर्गात सांगताना आपण बहुधा १७४७ सालापाशी थांबतो. जेम्स लिंड या वैद्याने ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर २० मे रोजी बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे जेवण एकच, औषध मात्र निरनिराळे. कोणाला सफरचंदाची सौम्य दारू, कोणाला पातळ केलेले गंधकाम्ल, कोणाला व्हिनेगार, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला लसूण-मोहरीचे चाटण. उरलेल्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात या जोडीतला एकजण कामावर परतला होता. सर्वांत लवकर आणि ठळक सुधारणा त्या दोघांतच दिसली. विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की प्रश्न तिथेच सुटला.

खरी गंमत त्यानंतरची आहे. गंमत म्हणायचे, पण तिच्यापायी माणसे मेली. लिंडनंतर जवळजवळ १७० वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियाच्या आघाडीवर लढणाऱ्या हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाला. तोही त्या आघाडीवर ‘लिंबाचा रस’ पुरवला जात असताना. हे कसे घडले ते पाहू.

सुरुवात लिंडपासूनच करावी लागेल. फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून त्यांचा रस मंद आचेवर आटवून पाक करावा असे त्याने सुचवले. आज आपल्याला ठाऊक आहे की उष्णता आणि हवा यांमुळे क जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणजे औषध शोधणाऱ्यानेच ते निकामी करण्याची कृतीही लिहून ठेवली. पण लिंडला दोष देता येत नाही. रसातला नेमका कोणता पदार्थ काम करतो हे माहीत नसताना तो पदार्थ उरला की गेला, हे तो ओळखणार कसा? १७९५ साली ब्रिटिश नौदलाने न आटवलेला लेमनचा रस खलाशांना द्यायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही नौदलातून जवळजवळ हद्दपार झाला.

इथे आपण मराठी मंडळी एका शब्दाच्या घोटाळ्यात सापडतो. आपल्या बाजारातले पातळ सालीचे, गोल, आंबट कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतले ‘लाइम’. नौदलाने वापरलेले भूमध्य समुद्राकाठचे, पिवळे, जाड सालीचे, लांबट फळ म्हणजे ‘लेमन’. आपण दोहोंना लिंबूच म्हणतो. त्या काळचे इंग्रजही याहून फार काटेकोर नव्हते; दोन्ही रसांना ते सर्रास ‘लाइम ज्यूस’ म्हणत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौदल वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश वसाहतींतल्या लाइमकडे वळले, तेव्हा आपण औषध बदलले आहे असे कोणाला वाटलेच नाही. फळ तितकेच आंबट, किंबहुना अधिकच. गुण आंबटपणात असता, तर काहीच बिघडले नसते.

बिघडले, पण लगेच लक्षात आले नाही. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले होते. बंदरात ताजे अन्न मिळे. १८७५-७६ मध्ये जॉर्ज नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत हा रस सोबत असूनही स्कर्व्हीने माणसे आडवी केली, तेव्हा कुठे शंका आली. ती मात्र भलतीकडेच वळली. रस घेऊनही रोग होतो, म्हणजे फळाची कल्पनाच चुकीची, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. डब्यातील मांस कुजून तयार होणारे विष हेच स्कर्व्हीचे कारण, ही उपपत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी चांगली प्रतिष्ठित होती. एका शब्दाच्या ढिलेपणाने दीडशे वर्षांपूर्वीचा चोख प्रयोग खोटा ठरवला!

या गोंधळातून वाट काढली एका प्राण्याने. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी गिनीपिगना नुसते धान्य खायला घातले. त्यांना बेरीबेरी झालाच नाही, झाला तो स्कर्व्ही. हा योग विलक्षण होता. उंदीर, कबूतर, कुत्रा यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होते. गिनीपिगच्या आणि माणसाच्या शरीरात ते तयार करणारे शेवटच्या पायरीचे विकर नसते. उंदीर घेतले असते, तर कदाचित आणखी वीस वर्षे गेली असती. आता मात्र कोणत्याही पदार्थाची परीक्षा करता येऊ लागली. तो गिनीपिगला द्यायचा आणि स्कर्व्ही टाळायला किती लागतो ते मोजायचे.

आता मेसोपोटेमियाकडे. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत टायग्रिसच्या काठी कुट या गावात सहाव्या (पुणे) डिव्हिजनला तुर्की फौजेने वेढले होते. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकण आणि देशावरची कितीतरी घरे त्यात गुंतली होती. वेढ्यातला आजारांचा हिशेब एखाद्या प्रयोगासारखा आहे. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव आणि नंतर घोड्याचे ताजे मांस मिळे. त्यांना बेरीबेरी झाला, स्कर्व्ही फारसा नाही. हिंदी सैनिक कोंड्यासकट आटा खात; बेरीबेरीपासून ते वाचले. पण त्यांतल्या बहुतेकांनी धर्माच्या भावनेने घोड्याचे मांस अगदी अखेरीपर्यंत नाकारले आणि भाजीपाला तर नव्हताच. त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त वाहू लागले. पुढे गोऱ्यांनाही आटा आणि बार्ली खावी लागली, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. एकाच गावात कोंडलेल्या माणसांत दोन रोग जेवणाप्रमाणे वाटले गेले होते.

लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी हा प्रश्न हाती घेतला. पुरुष संशोधक युद्धावर गेलेले. प्रयोगशाळेचा भार बहुतांशी स्त्रियांवर होता. त्यांनी गिनीपिगवर रसांची तुलना केली. ताज्या लाइमच्या रसाचा गुण ताज्या लेमनच्या रसाच्या सुमारे एक-चतुर्थांश भरला, आणि साठवून ठेवलेल्या लाइमच्या रसात तर जवळजवळ काहीच उरले नव्हते. त्यांची सहकारी अ‍ॅलिस हेंडरसन स्मिथ हिने जुनी दप्तरे चाळून ‘लाइम ज्यूस’ या नावाखाली कोणत्या काळी कोणते फळ वापरले गेले ते शोधून काढले. जीवरसायनाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे इतिहासाच्या दप्तरात सापडले.

दुसरे काम आपल्याला अधिक जवळचे. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. दाणा रुजू लागला की ते तयार होऊ लागते. चिक आणि ह्यूम यांनी सैन्याला कळवले की हिंदी शिपायाच्या शिध्यात कडधान्य असतेच. ते भिजवा, ओलसर ठेवून मोड आणा आणि थोडाच वेळ शिजवा. डाळ चालणार नाही, सालीसकट अख्खा दाणा हवा. अख्खी मटकी रुजते, भरडलेली डाळ नाही, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आजीने सांगितले असते. मात्र त्यात हिरड्यांचे औषध आहे हे सांगायला गिनीपिग लागले. १९१८ साली एच. डब्ल्यू. विल्टशायर या डॉक्टराने स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या शेंगदाण्यांची नव्हे, तर घेवड्याच्या बियांची चाचणी प्रसिद्ध केली. लेमनच्या रसापुढे मोड कमी पडले नाहीत.

तो पदार्थ हाती आला मात्र वेगळ्याच वाटेने. हंगेरीचा आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी स्कर्व्ही शोधत नव्हता. कापलेले सफरचंद काळे पडते, संत्रे का पडत नाही, अशा ऑक्सिडीकरणाच्या प्रश्नांत तो रमला होता. (सफरचंदाच्या अर्ध्या फोडीला लिंबू चोळून हा प्रयोग वर्गात सहज करता येईल.) स्वतः ऑक्सिडीकरण पावून इतरांना वाचवणारा, म्हणजे आजच्या भाषेत अँटिऑक्सिडंट असलेला, पदार्थ त्याने १९२८ साली वेगळा केला. १९३२ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांनी दाखवले की हेच क जीवनसत्त्व. अमेरिकेत चार्ल्स किंग यांनीही त्याच वर्षी तो निष्कर्ष मांडला. पुरवठ्याची अडचण सेगेड गावच्या लाल मिरचीने सोडवली. १९३७ चे वैद्यकातले नोबेल त्यातूनच आले.

हिरड्यांशी या पदार्थाचा संबंध असा. दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू कोलॅजनचे असतात आणि ते सतत नव्याने विणले जातात. विणणाऱ्या विकरातील लोह ऑक्सिडीकरणाने निकामी होते. क जीवनसत्त्व ते पुन्हा कामाला लावते. जीवनसत्त्व संपले की वीण उसवते. स्कर्व्हीत जुन्या जखमाही उघडतात त्या याचमुळे.

मग हिरड्यांतून रक्त आले की क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का? जॉन क्रँडन या बोस्टनच्या तरुण शल्यविशारदाने १९३९-४० मध्ये सहा महिने क जीवनसत्त्वाशिवाय काढले. अखेरीस त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम भरेना. हिरड्यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे खलाशांच्या त्या भयंकर हिरड्यांत दातांवरच्या घाणीचाही वाटा होता. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणे सुरू करताच त्या बऱ्या झाल्या.