तुरुंगांतील चक्र आणि घरांतील पट्टा

घरच्या घरीं धांवण्याचा सराव करावयाचा तर ट्रेडमिल पायांनीं फिरणारी घ्यावी कीं विजेची, असा प्रश्न गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे निघाला. चिरंजीवांच्या मतें तो किंमतीचा होता, सौभाग्यवतींच्या मतें जागेचा. मला मात्र तो फार जुना वाटला. कारण गति कोणी ठरवावयाची, माणसानें कीं यंत्रानें, हा वाद या यंत्राच्या पाठीस जन्मापासून लागलेला आहे.

ट्रेडमिल जन्मली ती तुरुंगांत. विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनियरानें १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठीं पायऱ्यांचें एक लांबलचक चक्र योजिलें. १८२१ मध्यें तें लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगांत बसलें. कठड्यास धरून ओळीनें उभे असलेले कैदी पायरी चढत, त्यांच्या भारानें ती खालीं जाई, आणि वर कोणीच पोंचत नसे. ब्रिक्स्टनला त्यावर धान्य दळलें जाई. पण कित्येक तुरुंगांत चक्रास कांहींच जोडलेलें नसे व कैदी नुसता वारा दळीत. आपल्या कोंकणांतही पायरहाट पायांनींच फिरे. परंतु त्याच्या पाटांतून पाणी वाहे, आणि दमलेला माणूस आपल्या मनानें थांबूं शके. कैद्यास ती मुभा नव्हती. न्यूयॉर्कच्या तुरुंगांतील जेम्स हार्डी यानें १८२४ मध्येंच नमूद केलें कीं, या शिक्षेची दहशत श्रमांच्या कठोरपणांत नसून त्यांच्या एकसुरीपणांत आहे. इंग्लंडांत १८९८ च्या कायद्यानंतर हीं चक्रें बंद पडलीं.

हाच एकसुरीपणा पुढें वैद्यांच्या कामीं आला. रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनीं १९५२ मध्यें सिअ‍ॅटलच्या विद्यापीठांत हृदयाच्या तपासणीसाठीं विजेचा पट्टा सिद्ध केला. ब्रूसच्या पद्धतींत दर तीन मिनिटांनीं वेग व चढ वाढतात. वेग रोग्याच्या मर्जीवर सोडला तर एका तपासणीची दुसरीशीं तुलनाच करतां येणार नाहीं. १९६८ मध्यें केनेथ कूपर यांचें ‘एरोबिक्स’ निघालें. तें वाचून विल्यम स्टॉब या अमेरिकन इंजिनियरानें स्वस्त घरगुती यंत्र बनविलें, आणि पट्टा दिवाणखान्यांत आला.

पायांनीं फिरणारा सपाट पट्टा स्वस्त खरा. पण तो दांडी धरून रेटावा लागतो आणि धांवण्याची ढब बिघडते. तो मीं तरी कोणास सुचविणार नाहीं. वक्र पट्टा चांगला: पाय थांबले कीं तोही थांबतो. मात्र तेवढ्याच वेगास त्यावर दम अधिक लागतो, आणि किंमत ऐकूनही लागतो! ठरलेल्या वेगानें तासभर धांवावयाचें असेल तर विजेचाच पट्टा सोयीचा. परंतु पाऊल चुकलें तरी तो धांवतच राहतो. म्हणून त्याची सुरक्षा-दोरी सदऱ्यास अडकविल्यावांचून त्यावर चढूं नये, व किल्ली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

चिरंजीवांस मॅरेथॉनची तयारी करावयाची असल्यामुळें आमच्याकडे अखेर विजेचाच आला. मीही सकाळीं वीस मिनिटें त्यावर चालतों. वेगाचें बटण मात्र दुसऱ्या कोणास दाबूं देत नाहीं.