झहीर खान : वेगाला वळण देणारे गुरू

१/४ श्रीरामपूरचा झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईत आला. नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक यांनी त्याला संधी दिली.

२/४ पुढे टी. ए. शेखर यांनी त्याला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेले. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या याच संस्थेत डेनिस लिली यांनी शाळकरी सचिनला गोलंदाजीऐवजी फलंदाजीकडे लक्ष देण्यास सांगितले होते. योग्य वेळी दिलेला नकार हेही प्रशिक्षणच.

३/४ झहीरचे कसोटी पदार्पण २००० मध्ये झाले. २००६ च्या वूस्टरशायर हंगामात त्याने रनअप आखूड करून नियंत्रण कमावले. कारकिर्दीअखेर ९२ कसोटींत ३११ बळी!

४/४ सांगवी-थेरगावच्या मैदानांवर आज केवळ वेगामागे धावणाऱ्या मुलांनाही असाच, खांदा जपायला शिकवणारा गुरू हवा.