'नातिचरामि'मध्ये मोक्ष का नाही? चार पुरुषार्थांची गोष्ट

मराठी लग्नात कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराला सांगतो, की धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागू नकोस. गुरुजींच्या मागोमाग नवरा मुलगा म्हणतो, 'नातिचरामि'. म्हणजे, मी मर्यादा ओलांडणार नाही. (अनेकदा आपण काय कबूल केलं हे त्याला ठाऊक नसतं, पण ते असो.) आता मोजून पाहा, इथे नावं तीनच आली. पुरुषार्थ तर चार असतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग चौथा, मोक्ष, कुठे गेला?

आधी तीनच होते

रोजच्या मराठीत 'यात कसला पुरुषार्थ?' असं म्हटलं की मर्दुमकी डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ वेगळा आहे. पुरुष म्हणजे इथे माणूस आणि अर्थ म्हणजे हेतू. माणसाने कशासाठी जगावं, याचं हे उत्तर. धर्म म्हणजे कर्तव्य आणि नीतीने वागणं, अर्थ म्हणजे पैसा, साधनं, सत्ता आणि काम म्हणजे इच्छा, सुख, प्रेम, कलांचा आनंदसुद्धा.

जुन्या ग्रंथांत या तिघांचा 'त्रिवर्ग' असा एकत्र उल्लेख वारंवार येतो. मनुस्मृतीत तो आहे. कामसूत्राच्या सुरुवातीचं वंदन धर्म, अर्थ आणि काम यांनाच आहे. कौटिल्य तर स्पष्ट सांगतो की अर्थ मुख्य, कारण उरलेले दोन त्याच्यावरच उभे आहेत. मात्र राजाने सुखाविना राहू नये, हेही तो बजावतो. मोक्षाची कल्पना उपनिषदांत आणि संन्याशांच्या परंपरांत वाढत होती. ती या तिघांच्या पंक्तीला येऊन बसली आणि 'चतुर्वर्ग' झाला. लग्नातलं वचन मात्र संसाराचं आहे. ते तिघांपाशीच थांबतं.

पांडवांची घरगुती चर्चा

यातला श्रेष्ठ कोणता? यावर महाभारताच्या शांतिपर्वात एक झकास प्रसंग आहे. युद्ध संपलंय. शरपंजरी पडलेल्या भीष्मांचं बोलणं थांबल्यावर युधिष्ठिर घरी येतो आणि भावांना व विदुराला हाच प्रश्न विचारतो.

विदुर म्हणतो, धर्म. अर्जुन म्हणतो, ही कर्मभूमी आहे. शेती, व्यापार, गोपालन, कारागिरी यांवर जग चालतं, म्हणून अर्थ. नकुल-सहदेव मधला मार्ग काढतात, धर्माला धरून मिळवलेला अर्थ. मग भीम उठतो. इच्छाच नसेल तर कोण कशाला काय करेल? व्यापारी, शेतकरी, कारागीर, इतकंच काय, तप करणारे ऋषीही कसल्या ना कसल्या इच्छेनेच बसलेले असतात. दह्यातून जसं लोणी निघतं, तसा धर्म आणि अर्थाचा सार म्हणजे काम.

शेवटी युधिष्ठिर बोलतो. पाप-पुण्य आणि सोनं-माती यांच्या पलीकडे गेलेला माणूसच सुटतो, त्याचा कल मोक्षाकडे. लक्षात घ्या, हे बोलणारा माणूस भाऊबंदांना मारून नुकताच राजा झालाय. तरीही मला वाटतं, भीमाचा मुद्दा खोडायला सगळ्यात अवघड आहे. मोक्ष हवा असणाऱ्याला 'मुमुक्षु' म्हणतात, आणि तीसुद्धा इच्छाच!

मोक्ष म्हणजे स्वर्ग नव्हे

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. स्वर्ग पुण्याईवर मिळतो आणि ती संपली की परत यावं लागतं, असं गीताही सांगते. मोक्ष म्हणजे या जन्म-मरणाच्या फेऱ्यातूनच सुटका. 'मुच्', म्हणजे सुटणं, या धातूशी हा शब्द जोडलेला आहे.

सुटल्यावर काय, याबाबत एकमत नाही. शंकराचार्यांच्या अद्वैतात आत्मा आणि ब्रह्म मुळात एकच, ते कळणं हाच मोक्ष. म्हणून तो जिवंतपणीही शक्य, 'जीवन्मुक्ती'. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते देह सुटल्यावर भक्त वैकुंठात देवाच्या सहवासात राहतो. मध्वाचार्यांकडे मुक्त जीवही देवापासून वेगळाच राहतो. न्याय दर्शनात तर मोक्ष म्हणजे दुःखाचा कायमचा अभाव, तिथे आनंदाचं आश्वासन सहसा नाही.

पण दार कोणाला उघडं?

मनुस्मृती म्हणते, ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणं फेडल्याशिवाय मोक्षाकडे वळूच नये. म्हणजे वेदाध्ययन, यज्ञ आणि मुलगा. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, इतिहास-पुराणांची वाट तेवढी मोकळी ठेवली. याउलट शांतिपर्वातच सुलभा नावाची संन्यासिनी भेटते. राजा असूनही आपण मुक्त आहोत असा दावा करणाऱ्या जनकाला ती भर दरबारात निरुत्तर करते.

महाराष्ट्रात हे दार वारकरी संतांनी ढकललं. नामस्मरणाला ना जात लागते, ना संस्कृत, ना संन्यास. दासी असलेल्या जनाबाईंचे आणि 'अस्पृश्य' ठरवलेल्या चोखामेळ्यांचे अभंग त्यातूनच आले. तरी चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं.

याच परंपरेत तुकाराम महाराज एक पाऊल पुढे जातात. मोक्ष नकोच, पुन्हा जन्म दे, पण नाम आणि संतांची संगत दे, असं ते देवाकडे मागतात. आणि त्याच तुकोबांचं सदेह वैकुंठगमन झालं, या श्रद्धेने दरवर्षी फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत बीजेचा सोहळा भरतो.