उंबरठ्याच्या आतले काम : खड्डामागापासून मिहानपर्यंत

नागपूरच्या दक्षिणेस, सोनेगावच्या विमानतळालगत खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या शेतजमिनीवर मिहान हा प्रकल्प उभा राहिला. आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र म्हणून त्याची कल्पना मांडली गेली असली, तरी सामान्य नागपूरकराच्या मनात त्याची ओळख माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या नोकरीशी जोडली गेली आहे. मार्च 2020 मधील टाळेबंदीत या कंपन्यांचे काम कर्मचाऱ्यांच्या घरी गेले, तेव्हा ती अभूतपूर्व घटना मानली गेली. शहराच्या उद्योगाचा इतिहास पाहिल्यास मात्र घर हीच येथील कामाची जुनी जागा असल्याचे दिसते; नवे इतकेच की, ज्या घरात काम परतले ते घर कामासाठी बांधलेले नव्हते.

विणकराचे घर तसे बांधलेले असे. इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या भागांतील कोष्टी व हलबा कोष्टी आणि मोमिनपुऱ्यातील मोमीन यांची वस्ती मागाभोवती वाढली. खड्डामाग म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला हातमाग; विणकर खड्ड्याच्या काठावर बसून पाय खाली पावड्यांवर ठेवी आणि हाताने धोटा फेकी. घरातील स्त्रिया व मुले कांड्या भरत, ताण्याला खळ लावण्यासाठी घराबाहेरची मोकळी जागा उपयोगी पडे, आणि त्यामुळे कुटुंब व शेजार हे दोन्ही कामात अडथळा न ठरता कामाचाच भाग होत. या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. व्यापारी सूत देई व विणलेल्या नगावर मजुरी देई. जागेचा, दिव्याचा आणि मागाच्या दुरुस्तीचा भार मात्र विणकराच्या माथी राही, आणि घरच्यांच्या श्रमाची वेगळी मोजदाद कोणी करीत नसे.

व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले त्या दिवशी, म्हणजे 1 जानेवारी 1877 रोजी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि नागपुरात कामाची वेळ व कामाची जागा घरापासून तुटली. ऋतू, सण आणि घरची गरज पाहून काम करण्याची सवय असलेल्या माणसांना रोज ठरलेल्या वेळी भोंग्यावर येणे जड गेले. गैरहजेरी ही सुरुवातीच्या काळातील मोठी अडचण होती. गिरणीने 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 पासून अपघातभरपाई सुरू केली, ती मजुरांना टिकवून ठेवण्याच्या प्रयत्नांच्या संदर्भात पाहावी लागते. गिरणी व हातमाग बराच काळ शेजारी नांदले, कारण गिरणीचे सूत घरच्या मागालाही लागत असे. पण ‘कामावर जाणे’ म्हणजे घराबाहेर जाणे, हा अर्थ शहराच्या बोलण्यात तेव्हापासून रुजला.

मिहानमधील विशेष आर्थिक क्षेत्रात घर व काम यांतले हे अंतर कायद्यानेच आखले गेले. विशेष आर्थिक क्षेत्र कायदा, 2005 नुसार असे क्षेत्र मंजूर कामकाजाच्या हेतूने देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे समजले जाते. तेथे शुल्काविना आलेला संगणक फाटकाबाहेर न्यायचा तर परवानगी लागते. त्यामुळे टाळेबंदीत प्रश्न केवळ संसर्गाचा नव्हता, लॅपटॉपच्या हद्दीचाही होता. आधी तात्पुरत्या सवलतींवर काम चालले. जुलै 2022 मध्ये नियम 43-अ आला व त्याने निम्म्या कर्मचाऱ्यांना कमाल एक वर्ष घरून काम करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवण्यात आली.

घराच्या आत मात्र अडचणी वेगळ्या होत्या. दोन खोल्यांच्या सदनिकेत मुलांची ऑनलाइन शाळा, वृद्धांचे औषधपाणी आणि परदेशी ग्राहकाच्या वेळेनुसार चालणारी बैठक एकाच भिंतीआड आली. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि खिडकीत बसवलेल्या कूलरवाचून दुपार निघत नाही. पण त्याच्या घरघरीत बोलणे ऐकू जाईना, म्हणून बैठकीपुरता तो बंद करून घाम पुसत बोलावे लागे. वर्धा रोडवरची रोजची ये-जा वाचली, चंद्रपूर-यवतमाळच्या तरुणांना आपापल्या घरी राहता आले, हा लाभ खराच होता. परंतु स्त्रियांच्या बाबतीत वाचलेला वेळ अनेकदा स्वयंपाकघराने परत घेतला. विणकराच्या घरात सगळे कुटुंब एका कामाला लागलेले असे. येथे एकाचे काम इतरांनी गप्प राहण्यावर अवलंबून होते.

म्हणूनच वेळापत्रक आखणे, कोपरा राखणे, दार लावून घेणे हे उपाय उपयुक्त असले, तरी ते प्रश्नाच्या एकाच बाजूला भिडतात. कामाच्या जागेचा खर्च कोणाचा, ही दुसरी बाजू विदर्भाला नवी नाही. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांना 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार म्हणून ओळख दिली, कारण त्या कारखान्यात येत नसल्या तरी कारखान्याचे काम करतात, हे त्यात मान्य होते. मिहानच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या लॅपटॉपची नोंद होत होती. त्याच्यासाठी घरात मोकळा केलेला कोपरा, जळलेली वीज आणि बंद ठेवलेला कूलर हा हिशेब, खड्डामागाच्या काळाप्रमाणेच, घराच्या खात्यावर राहिला.