जुन्या डांबराची कसोटी

जुनें सोनें आटवून नवा दागिना घडविला तरी सोन्याचा कस उणावत नाहीं. डांबराचें तसें नाहीं. रस्त्यावर घातलेलें डांबर ऊन व हवा यांच्या योगानें कठीण होत जातें आणि अखेर ठिसूळ बनतें. मग उखडलेल्या रस्त्याचा माल पुन्हां तापवून वापरला, तर नवा रस्ता टिकेल काय?

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. डांबर हा तेल शुद्ध करतांना तळाशीं उरणारा पदार्थ; त्यामुळें अमेरिकेंतील अभियंत्यांची दृष्टि जुन्या रस्त्यांकडे वळली. परंतु प्रयोगशाळेंत उतरलेला नमुना मालमोटारींच्या चाकांखालीं आणि हिमपावसांत तसाच टिकेल, याची हमी कोण देणार?

रस्त्याचें बळ जागेवर मोजण्याचें साधन तोंपर्यंत रूढ झालें होतें. १९५२ ते १९५४ या काळांत आयडाहो राज्यांत झालेल्या चाचणीच्या वेळीं ए. सी. बेंकेलमन यांनीं एक लांब तरफ योजिली. लादलेल्या मोटारीच्या मागील जोडचाकांमधील फटींत तिचें टोक ठेवावयाचें आणि मोटार पुढें गेल्यावर दबलेला रस्ता किती वर येतो तें मोजावयाचें. हा दब जितका अधिक, तितका रस्ता आंतून दुबळा. पुढें वजन आपटून दब टिपणारीं यंत्रें आलीं.

१९८७ मध्यें अमेरिका व कॅनडा येथें रस्त्यांच्या दीर्घकालीन निरीक्षणाची योजना सुरू झाली. तिच्या एका प्रयोगांत १८ ठिकाणीं जुन्या रस्त्यांवर नवे थर घातले गेले. कांहीं सर्वस्वीं नव्या मालाचे, तर कांहींत सुमारें ३० टक्के जुना माल. जाडी कोठें २ इंच, कोठें ५ इंच. प्रत्येक तुकडा ५०० फूट लांब. एका ठिकाणच्या सर्व तुकड्यांवर वाहतूक तीच, पाऊसपाणी तेंच. म्हणून तुलनेंत पक्षपात उरला नाहीं. दब, भेगा, चाकोऱ्यांची खोली व खडबडीतपणा यांच्या नोंदी वर्षांनुवर्षें होत राहिल्या.

बहुतेक ठिकाणीं जुन्या मालाचे थर नव्यांच्या बरोबरीनें टिकले; कांहीं ठिकाणीं मात्र त्यांना भेगा अधिक पडल्या. कठीण डांबर चाकोरी पडूं देत नाहीं, पण भाराखालीं सहज लवतहि नाहीं. अशी भेग पहिल्या वर्षीं क्वचितच दिसते. तिच्यासाठीं तोच तुकडा पुनःपुन्हां मोजणारीं माणसें लागतात, आणि जुन्या डांबराबद्दलचा आजचा विश्वास त्यांच्याच चिकाटीवर उभा आहे.